खुलासा : व्यवसाय कर लोकसभेत ठरत नाही

जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय : पगारातून दोनशे रुपये कापायचा कायदा आपल्या खासदारांनी लोकसभेत मंजूर केला. साफ चूक. हे दोनशे म्हणजे व्यवसाय कर, आणि तो राज्याचा. १९७५ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीला पैसा उभा करायला लावलेला. चटई कारखान्यातल्या कामगाराची पगाराची चिठ्ठी बघा : पगार दहा हजारांवर असेल तर दरमहा २००, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २५००. राज्यघटनेच्या कलम २७६ मधली कमाल मर्यादाही तेवढीच; संसदेचा संबंध काय तो तिथे. (२५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाहीच, तरी कापला जात असेल तर हिशेबनीसाला गाठा.) खासदारांना जाब विचारायचाच, तर २०२० च्या कामगार संहितांवर (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) विचारा. त्या आवाजी मतदानाने मंजूर झाल्या, म्हणून नावनिशी मतांची नोंद सापडणार नाही. भाषणं मात्र लोकसभेच्या संकेतस्थळावर आहेत.