बाजू न घेण्याचीही ताकद लागते

नेरूळला मामांना फोन केला आणि विषय राजकारणावर गेला की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "तुम्ही सिंगापूरवाले नक्की कोणाकडून, अमेरिकेच्या की चीनच्या?" ठाण्याच्या मित्रांचंही तेच. अकरा देश नुसत्या बैठका घेतात, निवेदनं काढतात, आणि दक्षिण चीन समुद्रात चीनला हवं तेच होतं. मग आसियान, ही आग्नेय आशियाई देशांची संघटना, हवी कशाला?

इथे राहून मला हे पटत नाही. चांगीच्या नौदल तळावर अमेरिकी युद्धनौका येतात आणि सिंगापूरचा सर्वांत मोठा व्यापार चीनशी चालतो. व्हिएतनामने २०२३ मध्ये सप्टेंबरात बायडेन यांना, डिसेंबरात शी जिनपिंग यांना पाहुणचार केला. आपल्याकडे याला दोन्ही डगरींवर हात म्हणून नावं ठेवतात. पण शेजारी चीनएवढा असला की दुसरं करणार काय? आणि हे एकट्यादुकट्याला झेपत नाही. दोन्ही महासत्तांचे परराष्ट्रमंत्री आसियानच्या बैठकांना येतात, तेही आसियानने ठरवलेल्या शहरात. १९६७ मध्ये पाच देशांनी सुरू केलेल्या संघटनेने एवढं कमावलं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

मामांचा राग मात्र अगदीच बिनबुडाचा नाही. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय आसियानचं पान हलत नाही. २०१२ मध्ये नॉम पेन्हला दक्षिण चीन समुद्रातल्या वादाच्या उल्लेखावरून यजमान कंबोडिया अडून बसला आणि पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच परराष्ट्रमंत्र्यांचं संयुक्त निवेदन निघालं नाही. म्यानमारच्या लष्कराने आसियानशी झालेला, हिंसा थांबवण्याचा एप्रिल २०२१ चा पाच कलमी समझोता गुंडाळून ठेवला, तरी त्याला वठणीवर आणता आलं नाही. माणसं मरत असताना एकमताची वाट बघत बसणं चूक आहे. अशा वेळी बहुमत पुरेसं धरायला हवं.

पण हसण्याआधी आपण आपलं अंगण बघावं. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली. आसियान, चीन आणि इतर देशांच्या आरसेप या व्यापार करारातून भारत २०१९ मध्ये बाहेर पडला. दूध उत्पादकांची भीती खरी होती, पण त्या टेबलावरची खुर्चीही गेली. न्हावा शेव्याचं एक मोठं कंटेनर टर्मिनल सिंगापूरची पीएसए ही बंदर कंपनी चालवते, वाशीच्या बाजारातलं पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचं असतं. दक्षिण चीन समुद्र शांत राहण्याशी नवी मुंबईच्या पोटापाण्याचा थेट संबंध आहे, म्हणून मामांनी आसियानकडून जास्त मागावं, आणि दिल्लीकडूनही.