‘दयेचं प्रदर्शन’ म्हणणाऱ्या दादांसाठी

दादा, परवाच्या लेखाखालची तुमची कॉमेंट वाचली. तिथंच दोन ओळी लिहून सोडणार होते, पण रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं म्हणून इथं सविस्तर लिहितेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी : ऑटिस्टिक माणसांना द्राक्षबागेत कामाला घ्या असं मी लिहिलं, ते दादांना ‘दयेचं प्रदर्शन’ वाटलं. शिवाय बागायतदार त्यांना निम्म्या रोजावर राबवतील, आणि फवारणीत, विहिरीवर, ट्रॅक्टरखाली काही झालं तर जबाबदार कोण, असंही विचारलंय.

एक मान्य करते. लेखात एका जागी मी ‘ऑटिझम हा आजार’ असं लिहिलं होतं, ते चुकलंच. आजार नाही तो, मेंदूची घडणच वेगळी असते. दुरुस्त केलंय, लक्षात आणून दिल्याबद्दल थँक्यू.

पण दयेचं प्रदर्शन? हे लिहिण्याआधी मी कोण आहे एवढं तरी विचारायचं होतं. मी पिंपळगाव बसवंतच्या बाजूची, बागेतच वाढलेय आणि माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे. आज ३१ वर्षांचा. गावात त्याला येडा म्हणायचे, शाळेनं तिसरीनंतर घरीच ठेवा म्हणून सांगितलं, अपंगांच्या १९९५ च्या कायद्यात ऑटिझमचं नावसुद्धा नव्हतं, ते २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांमध्ये आलं तोवर हा विशीत. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा आहेत, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार अशा सगळ्यांत मिळून, आणि तिसरी शिकलेल्या माझ्या भावाला त्याचा काय उपयोग? त्याच्यासाठी बागच होती.

आईनं त्याला विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं काढायच्या कामाला बसवलं. पहिले दोन दिवस नुसता उभा, कारण आम्ही म्हणायचो ‘जरा कमी कर, अंदाजानं कर’. अंदाजानं म्हणजे किती हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं! मग आईनं एक घड स्वतः करून त्याला लाल रिबीन बांधली, वरच्या एवढ्या पाकळ्या (घडाच्या छोट्या फांद्या) ठेव, खालचा शेंडा काप, बास. त्या दिवसापासून त्याचा घड परत बघावा लागत नाही. बाकीच्या बाया गप्पांच्या नादात दुपारनंतर कात्री कशीही चालवतात (मीही चालवते), याचा संध्याकाळचा घड सकाळच्यासारखाच. एक्स्पोर्टच्या मालाला १८ मिमीचा मणी लागतो, तो हा मापाची रिंग न लावता नुसता बघून सांगतो. यात दया कुठं आली? अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी गुरं न बिथरता पुढं जातील अशा वळणदार वाटा आखल्या आणि तिकडच्या मोठमोठ्या कत्तलखान्यांनी त्या वापरल्या. त्यांच्यावर दया म्हणून वापरल्या का?

रोजाचा प्रश्न सगळ्याच मजुरांचा आहे, त्यात आत्ता शिरत नाही. हो, एका बागेत पहिल्या सीझनला भावाला निम्माच रोज दिला होता, आम्ही भांडून पूर्ण करून घेतला. म्हणून काय कामच द्यायचं नाही? आणि फवारणीचं म्हणाल तर ब्लोअर (औषध फवारायचं मशीन) सुरू झाला की तो कानावर हात ठेवून बांधावर जाऊन बसतो, त्यामुळे त्या दिवशी त्याला न्यायचंच नाही हे ठरलेलं आहे. विहिरीचं वगैरे तुम्ही शहरात बसून आम्हाला शिकवू नका प्लीज.

वाईट याचं वाटलं की माझ्या भावानं ती कॉमेंट वाचली. तो मोबाईलवर सगळं वाचतो दादा. ‘प्रदर्शन म्हणजे काय’ म्हणून त्यानं मला चारदा विचारलं आणि मला सांगता येईना.

गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) ऑक्टोबरात होईल, विरळणीला नोव्हेंबरात या. मनापासून बोलावतेय, डबा आमच्याकडे. फक्त त्याच्याशी बोलताना ‘माझ्याकडे बघ’ म्हणू नका, तो घडाकडे बघतच तुम्हाला उत्तर देईल.