आधी चित्र, मग विचार? त्या फॉरवर्डला उत्तर

‘हुशार मुलांना डिझाइनला पाठवू नका!’ हा फॉरवर्ड सध्या ठाणे, कळवा, ऐरोलीच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर धुमाकूळ घालतो आहे. वर ‘आयआयटीच्या प्राध्यापकांचा इशारा’ असं ठळक लिहिलंय, पण प्राध्यापकांचं नाव कुठेच नाही. असल्या गोष्टी मी एरवी वाचून सोडून देते. पण कळव्याला राहणाऱ्या माझ्या भाऊजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली ‘म्हणूनच सांगत होतो’ अशी ओळ जोडली, आणि यूसीडच्या, म्हणजे डिझाइनच्या पदवी प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने स्केचबुक कपाटात ठेवून दिलं. मला फोन करून विचारते, ‘मावशी, सगळं नीट समजल्याशिवाय पेन्सिल उचलायचीच नसते का?’ सतरा वर्षांच्या मुलीला हे विचारावंसं वाटलं, म्हणून त्या फॉरवर्डमधल्या पाचही मुद्द्यांना उत्तर देते आहे.

सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. मुद्दा असा: ‘आधी प्रश्न पूर्ण समजून घ्यायचा, मग उत्तर काढायचं, ही शास्त्रीय पद्धत. डिझायनर प्रश्न कळायच्या आधीच चित्रं काढत बसतात. कच्ची चित्रं म्हणजे कच्चा विचार.’

हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल, पण नेमकी हीच गोष्ट तपासली गेलेली आहे. ब्रायन लॉसन या ब्रिटिश अभ्यासकाने, जो आर्किटेक्टही होता आणि मानसशास्त्रही शिकलेला होता, शेवटच्या वर्षाच्या आर्किटेक्चरच्या आणि विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एकच कोडं घातलं. रंगीत ठोकळे मांडायचे आणि बाहेरच्या कडेने लाल किंवा निळा, जो सांगितला असेल तो रंग जास्तीत जास्त दिसेल असं बघायचं. कोणते ठोकळे असलेच पाहिजेत याचा एक नियम होता, तो मात्र सांगितलेला नव्हता. मांडणी चालते की नाही, एवढंच कळायचं. विज्ञानवाल्यांनी भराभर वेगवेगळ्या मांडण्या करून आधी नियम हुडकला आणि मग ते रंगाकडे वळले. आर्किटेक्चरवाल्यांनी पहिल्यापासून रंगाच्या दृष्टीने सगळ्यात चांगली मांडणी केली. ती नाकारली गेली की तिच्या खालोखालची. काय चालतं आणि काय नाही, हे त्यांना या नाकारलेल्या मांडण्यांमधूनच उमगत गेलं. १९७९ मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं.

दोन्ही गट विचारच करत होते. एकाने प्रश्नाच्या बाजूने सुरुवात केली, दुसऱ्याने उत्तराच्या. आणि यातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हेच कोडं शाळा संपवत आलेल्या हुशार मुलांना आणि आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दिलं, तेव्हा असा स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणजे ही रीत जन्माला येताना मिळत नाही, वर्षानुवर्षं शिकता शिकता ती अंगात मुरते.

यावर कुणी म्हणेल, विज्ञानवाल्यांची पद्धतच जास्त शिस्तीची. ठोकळ्यांच्या कोड्यापुरतं मी ते मान्य करते. तिथे नियम आधीपासून ठरलेला होता, तो शोधला की झालं. रिक्षा स्टँडच्या किंवा दवाखान्यातल्या केसपेपरच्या खिडकीच्या मागे असा नियम लपवून ठेवलेला नसतो. तिथे प्रश्न सांगणाऱ्यालाच तो अर्धवट माहीत असतो.

माझ्या कामातलं एक उदाहरण देते. रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात बायका मसाल्याची पाकिटं भरतात. हाताने दाबायचं सीलिंग मशीन असतं, पाकिटाचं तोंड आत सरकवायचं, दांडा खाली दाबायचा आणि दिवा विझेपर्यंत तसाच धरायचा. मालकांचं म्हणणं होतं, ‘दांडा टोचतो, बायकांचे हात दुखतात, रबरी ग्रिप करून द्या.’ प्रश्न अगदी स्वच्छ सांगितलेला. मी फोम घासून जाडसर ग्रिप केली आणि टेपने दांड्यावर बसवली. सगळ्यात जुन्या ताई मशीनवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘हाताला बरं वाटतंय.’ उजवा हात खरंच सैल पडला होता. डावा खांदा मात्र कानाकडे चढलेला तो चढलेलाच. अर्ध्या किलोचं भरलेलं पाकीट त्या डाव्या हाताच्या चिमटीत अधांतरी धरून होत्या. जरा खाली सरकलं की सील तिरकं, आणि तिरकं सील म्हणजे पाकीट परत. उजवा हात दुखायचा थांबल्यावरच डावीकडे लक्ष गेलं, त्यांचंही आणि माझंही. मग कोपऱ्यातला पुठ्ठ्याचा खोका आणून पाकिटाखाली सरकवला. खांदा उतरला. पाव किलोचं पाकीट घेतलं तर खोका बुटका पडायला लागला, तेव्हा कळलं की आधार वर-खाली होणारा हवा. शेवटी मशीनला पुढे एक सरकती फळी बसली. ग्रिप त्या फोमच्या पुढे गेलीच नाही.

फॉरवर्डच्या हिशेबात ती ग्रिप म्हणजे वाया गेलेला वेळ. पण मालकांची मुलाखत घेऊन, बायकांकडून फॉर्म भरून घेऊन मला तो डावा खांदा दिसला नसता. विचारल्यावर त्या स्वतःसुद्धा ‘हात दुखतो’ एवढंच सांगत होत्या. भाचीला मी फोनवर हेच सांगितलं. कच्चं चित्र काढायचं ते त्याला उलटे प्रश्न विचारता यावेत म्हणून. कागदावर आल्याशिवाय कशावरच बोट ठेवता येत नाही.

आता बाकीचे मुद्दे.

पहिला: ‘विचार इंजिनियर करतात, डिझायनर फक्त सजावट करतात.’ आयआयटीचं नाव वापरून हे लिहिलंय याचा मला विशेष राग आहे. मुंबईच्या आयआयटीत डिझाइनचं केंद्र १९६९ पासून आहे. २०१० मध्ये सरकारने स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह काढणारे डी. उदय कुमार तिथेच पीएचडी करत होते. आणि सजावटीचंच म्हणाल तर मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमध्ये मराठी बटण बघा. इंग्रजी अक्षरांच्या मापाने चौकट आखली की वरची वेलांटी कापली जाते, खालचा उकार गायब होतो. देवनागरीला ओळीच्या वर आणि खाली किती जागा लागते, हे ठरवणं सजावट आहे का? ज्याला ते बटण वाचायचं आहे त्याला विचारा.

तिसरा: ‘ज्याचं सूत्र लिहिता येत नाही ते ज्ञानच नाही.’ डिझाइनचे ब्रिटिश अभ्यासक नायजेल क्रॉस यांनी १९८२ मध्येच मांडलं होतं की विज्ञान आणि मानव्यविद्यांच्या जोडीला डिझाइन ही जाणून घेण्याची तिसरी रीत आहे, आणि यातलं बरंचसं ज्ञान वस्तूंमध्येच साठलेलं असतं. ते वाचायला नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत एक चक्कर मारा. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात सात-सात घरं एकेका छोट्या चौकाभोवती मांडली, आणि अशा तीन गटांना मिळून आणखी मोठा चौक दिला. एकाची भिंत दुसऱ्याला चिकटू दिली नाही, कारण कुटुंब वाढलं की घर वाढणार आणि शेजाऱ्याशी भांडण न होता ते वाढलं पाहिजे. मूळची कितीतरी घरं आता पाडून तिथे मोठी बांधली गेली आहेत, हे खरंच आहे, आणि काहींना त्यात डिझाइनचा पराभव दिसतो. मला दिसत नाही. वाढण्याची सोय ठेवली होती, लोकांनी ती वापरली.

चौथा: ‘एआय १० सेकंदांत ५० लोगो देतं, डिझायनर संपले.’ यातलं अर्धं खरं आहे आणि ते मला कबूल करावं लागतं. वाढदिवसाचे बॅनर, व्हिजिटिंग कार्डं, दुकानाच्या पाट्या यावर पोट असलेल्या माझ्या ओळखीच्या लोकांचं काम कमी झालंय. त्यांना ‘घाबरू नका’ म्हणून सांगण्यात अर्थ नाही. पण ५० चित्रं काढून देणारं यंत्र त्या गाळ्यात ५० प्रकारच्या ग्रिप काढून देईल. खोका शोधायला कुणीतरी त्या ताईंच्या शेजारी उभं राहावं लागतं.

पाचवा मुद्दा फीचा. ‘लाखो रुपये घालून पोरं चित्रंच काढणार.’ चित्रं काढणारच. यूसीडच्या परीक्षेतसुद्धा एक भाग हाताने चित्र काढण्याचा असतो. पण भाऊजींची काळजी पैशाची आहे आणि ती खोटी नाही. खाजगी कॉलेजांच्या फिया अवाच्या सवा आहेत आणि काही ठिकाणी मुलांना निव्वळ सॉफ्टवेअर शिकवून बाहेर काढतात. त्यांना मी म्हटलं, प्रवेशाआधी लेकीला घेऊन कॉलेज बघायला जा. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि वर्कशॉप दाखवा म्हणून सांगा. तिथे भुसा पडलेला आहे का, अर्धवट सोडलेली, मोडकी मॉडेल्स ठेवलेली आहेत का, मुलं बाजारात-कारखान्यात जाऊन काम करतात का, हे विचारा. चकचकीत कॉम्प्युटर लॅब दाखवून परत पाठवलं, तर तिथे पैसे भरू नका.