उकळतं पाणी रेघेपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुपारी एकला लेथ थांबतात आणि डब्यांची झाकणं वाजायला लागतात. आमच्या वर्कशॉपच्या ऑफिसात टेबलावर कालचा पेपर पसरला जातो. मधोमध प्रत्येकाची भाजी, कडेनं भाकऱ्या, आणि कोपऱ्यात स्टोअरमधल्या आण्णांची खर्ड्याची डबी. अर्ध्या तासात जेवण, हात धुणं, राजकारण, सगळं उरकायचं असतं. मी इथं हिशेब बघते. या टेबलावर मी मध्यंतरी पुठ्ठ्याच्या बॉक्सातल्या नूडल्स घेऊन बसत होते.

खोकं पुण्याहून चिरंजीवांनी धाडलं होतं. "आई, पहाटे उठून भाकऱ्या थापणं बंद कर. फ्रीज लागत नाही, गॅस लागत नाही, पाणी ओतायचं आणि चार मिनिटांत जेवायचं." खोक्यात जपान, थायलंड, कोरिया असा अर्धा आशिया होता.

आधी बॉक्सवरच्या फोटोविषयी बोलते. फोटोत काळाभोर मातीचा वाडगा, त्यात चकचकीत नूडल्स, वर अर्धं उकडलेलं अंडं, कोवळी कांद्याची पात, भाजलेले तीळ. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं की फोटो फक्त मांडणी सुचवण्यासाठी आहे. आत निघतं एक पाकीट, तीन पुड्या आणि एक काटा, जो पहिल्याच घासाला वाकतो. म्हणजे फोटोसारखं जेवायचं तर घरून अंडं उकडून, पात चिरून, तीळ भाजून आणायचे आणि वर सांगायचं, आज मी डबा केला नाही.

आता पाणी. ऑफिसात उकळतं पाणी हे खातं मामांचं.

"मामा, जरा उकळतं पाणी देता?"

"चहाला अवकाश हाय, वैनी."

"चहाला नव्हे, जेवायला."

मामांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की घरात काही बिनसलंय का, हे विचारायचं तेवढं बाकी राहिलं. पाणी आलं, पण चहाच्या पातेल्यातून आलं. जपानी नूडल्सना आलं चालतं. वेलदोड्याबद्दल बॉक्सवर काही लिहिलेलं नव्हतं.

पाणी आतल्या रेघेपर्यंत ओतायचं असतं. रेघ पांढऱ्या वाडग्याला पांढरीच. ती बघायला वाकलं की वाफेनं चष्मा धुरकटतो, चष्मा काढला की रेघ दिसत नाही. मसाल्याच्या पुडीवर 'इथून फाडा' लिहिलेलं असतं, तिथून ती कधीच फाटत नाही. नखानं झालं, दातानं झालं. शेवटी आण्णांनी पत्रा कापायची कात्री आणली आणि तांबडं तेल थेट जीएसटीच्या चलनावर उडालं. आमच्या सीएंच्या फायलीला अजून तिळाच्या तेलाचा वास येतो.

मग चार मिनिटं. झाकण उघडायचं नाही. तोवर बाकीच्यांची पहिली भाकरी संपलेली असते आणि सगळे माझ्या बॉक्सकडं बघत बसलेले असतात. एवढ्या लोकांसमोर गप्प कसं बसायचं, म्हणून मी माहिती द्यायला लागले. जपानमध्ये मोमोफुकु अँडो यांनी १९५८ साली या झटपट नूडल्स बाजारात आणल्या. नूडल्स वाफवून मग तेलात तळायच्या. तळताना आतलं पाणी उडून बारीक छिद्रं पडतात, आणि पुढं त्याच छिद्रांतून उकळतं पाणी शिरून त्या पुन्हा मऊ होतात.

"म्हणजे कुरडई," आण्णा म्हणाले. "आपण वाळवून तळतो, त्यांनी तळून वाळवली. आणि एवढी तळलेली कुरडई कुणी पाण्यात बुडवतं का?"

अँडो १९६६ मध्ये अमेरिकेत गेले, तेव्हा तिथल्या लोकांनी नूडल्स मोडून कागदी कपात टाकल्या, वर गरम पाणी ओतलं आणि काट्यानं खाल्ल्या. त्यावरून १९७१ साली कपातल्या नूडल्स आल्या. हे सांगून होईतो पाच मिनिटं उलटली आणि माझ्या नूडल्सचा लगदा झाला.

जपानच्याच जाड उदोन नूडल्सची तऱ्हा वेगळी. त्या ओल्याच येतात आणि फ्रीजशिवाय महिनोन्महिने टिकतात, कारण त्यांना थोडा आंबटपणा देऊन, पाकीट बंद करून तापवलेलं असतं. पाकीट फोडल्याबरोबर तो आंबट वास टेबलभर पसरला.

"वैनी, इटलंय जनू," मामा लांबूनच म्हणाले.

"विटलेलं नाही हो. लॅक्टिक ॲसिड आहे. दह्यात असतं तेच."

"मग दही का न्हाई आणलं?"

याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

थायलंडचं पॅड थाई मात्र मला मनापासून आवडलं. मागची यादी वाचली तर चिंच, गोड घालायला साखर, शेंगदाणे. चिंच आणि दाण्याचं कूट माझ्या आमटीतही असतं, आणि गोडाचं म्हणाल तर मार्केट यार्डातल्या गुळासमोर साखरेचं नाव काढू नये. तिकडं अस्सल प्रकारात माशाचा सॉस पडतो. माझ्या बॉक्सवर हिरवा ठिपका होता, म्हणून सोमवारीही चाललं.

खरी परीक्षा कोरियाची. झाकणावर तीन मिरच्या आणि आगीच्या ज्वाळा. गोचुजांग नावाची पेस्ट असते. लाल मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन यांची. मामांनी बोटावर घेऊन चाखली, टाळ्याला जीभ लावून थांबले. सगळं ऑफिस थांबलं.

"गोड हाय की ओ!"

सगळीच गोड नव्हती, हे सांगायला हवं. एका काळ्या पाकिटानं ड्रॉइंग करणाऱ्या पोरीला उचकी लागली आणि डोळे गळायला लागले. मामांचा निकाल तरीही बदलला नाही: "तिखट हाय, पर चव न्हाई." कोल्हापुरात हा फाशीचा शेरा आहे.

माझी तक्रार चवीची नव्हतीच. या बॉक्सातून कुणाला काही देता येत नाही. आण्णा माझ्या पुढ्यात वांगं ठेवणार, पोरगी घेवडा वाढणार. मी त्यांना काय देऊ? दोन नूडल्स उचलाव्यात तर त्यांचं दुसरं टोक वाडग्यातच असतं, मध्ये पेपरभर पूल. परत माझ्या हातात मोकळा काटा बघून सगळ्यांचा जीव तुटायचा, त्यामुळे माझ्या ताटात रोज अडीच भाकऱ्या गोळा व्हायच्या. पूर्वी मी दीड खायची.

उरलेले बॉक्स ड्रॉवरमध्ये पडून होते. महिनाअखेरीला अर्जंट ऑर्डर निघाली, पोरं रात्री उशिरापर्यंत थांबली आणि भूक लागल्यावर मामांनी माझा ड्रॉवर उघडला. मोठ्या पातेल्यात सगळ्या नूडल्स एकत्र, पुड्या कचऱ्याच्या डब्यात. तेलात मूठभर कांदा-लसणाची चटणी परतून कट केला, तो वर ओतला. फरसाण, कच्चा कांदा, लिंबू, आणि शेजारच्या बेकरीतून आणलेला स्लाइस ब्रेड. नूडल्स आधी मुठीत धरून चुरल्या होत्या, त्यामुळे पळीनं वाढताही येत होत्या.

वासानं साहेब केबिनमधून बाहेर आले. उभ्याउभ्याच एक प्लेट संपवली, आणखी कट मागून घेतला.

"झकास मिसळ आहे. कुठनं मागवली?"

"जपानातनं," मामा म्हणाले आणि पुढच्या प्लेटमध्ये कांदा टाकायला लागले.