मुका मार

रात्री पाणी प्यायला उठलो, तेही दिवा न लावता. स्वतःच्या घरात चालायला दिवा कशाला? पलंगाच्या कोपऱ्याने ही गुर्मी बरोब्बर नडगीवर उतरवली. नडगीवर मांस द्यायला देव विसरलाच आहे. कातडी संपली की थेट हाड. दहा मिनिटांत तिथे गोटीएवढं टेंगूळ. बर्फ फडक्यात गुंडाळून लावतात, हे ठाऊक होतं. पण फडकं शोधायचं तर दिवा लावावा लागला असता. बर्फ थेट लावला. मग दुखतंय की पोळतंय, तेच कळेना.

सकाळपासून प्रेक्षक सुरू. जो येई तो दाबून विचारी, "दुखतं का?" हो म्हटलं की खात्रीसाठी पुन्हा दाबी. थोरल्या भावाने चोळायला सांगितलं, शेजारच्या काकूंनी शेकायला. मेव्हणा तर सुईच घेऊन आला. "एक टोचा, की मोकळं!"

डॉक्टरांनी तिघांनाही नापास केलं. आतली बारीक रक्तवाहिनी फुटून कातडीखाली रक्त साकळलंय, चोळलं तर आणखी झिरपेल. दोन दिवस बर्फ, एका वेळी १५ ते २० मिनिटं. शेक त्यानंतर. दुखलं तर पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन नको, त्याने रक्त थांबायला वेळ लागतो.

"आणि सुई?"

"साकळलेलं रक्त जेलीसारखं असतं, सुईतून येत नाही. जंतू मात्र आत जातात. गाठ वाढत गेली, कातडी ताणून चकाकू लागली किंवा पाऊल बधिर झालं, तर लगेच या."

"नाहीतर?"

"नाहीतर काही करू नका. पाय उंच ठेवून पडून राहा."

हे औषध सर्वांत महाग पडलं. पाय छातीपेक्षा वर ठेवून लोळणाऱ्या माणसाला घरात रुग्ण कोणी म्हणत नाही, वेगळाच शब्द वापरतात.

गाठ हळूहळू बसत गेली, पण रंग उधळू लागले. जांभळा, मग हिरवट, मग पिवळा. रक्तातलं हिमोग्लोबिन मोडताना आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं, मग पिवळं बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलाच रंग. माझं पित्त डोक्यात जातं, हे सगळे जाणून होते. नडगीवर आलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

तिसऱ्या आठवड्यात नडगी गोरी झाली आणि रंग ओघळून घोट्यावर उतरला. गुरुत्वाकर्षण, दुसरं काय! मेव्हण्याने वाकून घोटा दाबला.

"अरे, इथे कधी लागलं? थांबा, सुई आणतो."