‘३०० डॉलर वाया गेले’ या प्रतिक्रियेला माझं उत्तर

दादा नमस्कार, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली पण लगेच उत्तर दिलं नाही, आधी माझीच जुनी पोस्ट काढून परत वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. टिअरड्रॉप ट्रेलरसोबत, म्हणजे गाडीमागे ओढायच्या, आत फक्त झोपायची जागा असलेल्या छोट्या ट्रेलरसोबत, बाजूला जोडायचा साइड टेंट घेऊ नका, सुटा उभा राहणारा सहा बाजूंचा पॉप-अप स्क्रीन शेल्टर, म्हणजे जाळीच्या भिंतींचा तंबू, घ्या असं मी लिहिलं होतं. तुम्ही तो घेतला, अमेरिकेतल्या लेक सुपीरियर सरोवराच्या काठी दुसऱ्याच रात्री वाऱ्याने दोन भिंती आत दबल्या, पाऊस आत आला, तुमच्या सासूबाई आणि मुलं गाडीत बसून राहिली, आणि आता तुमचं म्हणणं की ३०० डॉलर वाया गेले, साधी ताडपत्री पुरली असती. आणि ‘साइड टेंट लावला की गाडी अडकून पडते’ हे माझं वाक्य साफ चुकीचं आहे, हेही.

हे शेवटचं आधी घेते कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ट्रेलर हुकवरून सोडून जॅकवर उभा केला की गाडी मोकळीच असते, साइड टेंट ट्रेलरला लागलेला असतो, गाडीला नाही. गाडी अडकते ती डिकीला जोडायच्या किंवा टपावरच्या टेंटने. आम्ही एकेका रात्रीचा मुक्काम करत पुढे जातो, ट्रेलर सोडतच नाही, आणि मी आमच्या सवयीचा नियम करून सगळ्यांना सांगून टाकला. माफ करा, पोस्टमध्ये दुरुस्ती केलीय.

आता भिंतींचं. या हब-वाल्या शेल्टरमध्ये, म्हणजे क्लॅम, गझेल वगैरे कंपन्यांच्या त्या प्रकारात, प्रत्येक भिंतीच्या मधोमध काड्या एका हबमध्ये, म्हणजे जोडाच्या गाठीत, येतात, तो हब बाहेर ओढला की भिंत ताठ होते, म्हणून तर मिनिटभरात उभा राहतो. पण जो हब हाताने बाहेर येतो तो वाऱ्याच्या जोराने आतही जाणारच. म्हणून प्रत्येक हबला बाहेरून दोरी बांधून खुंटी ठोकायची, वाऱ्याकडच्या बाजूला तर आधी. आम्ही हे इतकं हातासरशी करतो की मी पोस्टमध्ये लिहायलाच विसरले, आणि त्याचा त्रास तुमच्या घरच्यांना झाला याचं मला खरंच वाईट वाटतंय. सोबत येणाऱ्या बारीक खुंट्या सुपीरियरच्या वाळूत धरत नाहीत, तिथे वाळू भरलेल्या पिशव्या पुरून त्यांना दोऱ्या बांधायच्या, आणि कॅम्पसाइटवरच्या खडीच्या पॅडवर (तंबू-ट्रेलर लावायच्या सपाट जागेवर) फूटभर लांबीचे लोखंडी खिळे. वादळाचा अंदाज असेल तर सरळ पाडून ठेवायचा, घडी करायला फार वेळ लागत नाही.

पावसाबद्दल मात्र मी स्पष्ट लिहायला हवं होतं की हा पावसात बसायचा टेंट नाहीच. छत सरळ पाऊस अडवतं, तिरका नाही, त्याला विंड पॅनल, म्हणजे जाळीवर लावायचे कापडी पडदे, वेगळे घ्यावे लागतात, आणि तळ नसल्याने जमिनीवरून वाहणारं पाणी येणारच.

मग मी तो घ्यायला का सांगितला? पहिल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला मॅकिनॉ ब्रिज ओलांडून मिशिगनच्या उत्तर भागात, अप्पर पेनिन्सुलात गेलो तेव्हा आमच्याकडे ताडपत्रीच होती, तुम्ही म्हणता तशीच, छान बांधलेली. सकाळी सातला ट्रेलरची मागची हॅच, म्हणजे वर उघडणारं झाकण जिथे स्वयंपाकाची जागा असते, उघडून मी चहा टाकला आणि आलं किसेपर्यंत ब्लॅक फ्लाय आल्या. डासासारखं सोंड खुपसून निघून जाणं नाही, ही माशी कातडी फाडते, केसांच्या कडेला आणि कानामागे, चावताना कळतही नाही. सासूबाई तेव्हा पुण्याहून आल्या होत्या, त्यांच्या कानामागून रक्ताची बारीक रेघ पांढऱ्या दुपट्ट्यावर उतरलेली मी बघितली आणि त्यांना अजून कळलंच नव्हतं. दुपारपर्यंत मान सुजली. टिअरड्रॉपमध्ये उभंही राहता येत नाही, जेमतेम गादीएवढी जागा, तिथे त्या दिवसभर आडव्या पडून होत्या. ते बघून ठरवलं की झोपायची सोय ट्रेलर करतो, आपल्याला हवीय ती बसायची खोली, आणि जिथे माशी आहे तिथे त्या खोलीला चारी बाजूंनी जाळी हवी.

पुढच्या जूनला शेल्टर नेला. माशा तरीही थोड्या आल्या, खालची झालर खडबडीत जमिनीवर टेकत नव्हती तिथून सरपटत, मग आम्ही झालरीवर कडेने पाण्याचे कॅन आणि ओंडके ठेवले. पण आत आलेली ब्लॅक फ्लाय बहुतेक चावत नाही, उजेडाकडे, छताकडे चढत बसते आणि बाहेरची वाट शोधते. डासांचं तसं नाही, ते आत येऊनही चावतात. आणि वाळूकाठच्या अगदी बारीक चिलटांसाठी साधी जाळी चालत नाही, ‘नो-सी-अम’ लिहिलेली घट्ट विणीची लागते, खरेदी करताना पहिलं ते बघा. त्या वर्षी सासूबाईंनी आत खुर्ची टाकून शांतपणे मटार सोलले, मला अजून आठवतंय.

म्हणून ताडपत्री वाईट असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबरात युटाच्या कोरड्या वाळवंटी भागात गेलात तर तीच न्या, तिथे सावली हवी असते, जाळी नाही.

आता जे वाचून मला रात्री झोप लागली नाही ते. तुम्ही लिहिलंय की पावसात पॅनल सगळे बंद करून आत शेगडी लावली. दादा, प्लीज पुन्हा असं करू नका. प्रोपेनची शेगडी असो की कोळशाची, बंद जागेत कार्बन मोनॉक्साईड साचतो, त्याला वास नाही, आणि कोळसा तर ज्वाळा गेल्यावरही कितीतरी वेळ तो सोडत राहतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, लहान मूल पेंगतंय असं वाटलं तर थकवा समजू नका, सगळ्यांना आधी उघड्यावर आणा. शिवाय ते कापड आगीजवळ पेटतं आणि वितळून अंगाला चिकटतं. आम्ही शेल्टरचं दार हॅचच्या समोर येईल असं चार-पाच फुटांवर उभं करतो, शेगडी हॅचखाली उघड्यावरच, आणि ताट तेवढं आत जातं. पावसासाठी हॅच ते शेल्टर अशी मधे छोटी ताडपत्री ताणायची, म्हणजे तुमची ताडपत्री आहेच कामाची.

तुम्ही पाच जण आहात हे तुमच्या प्रतिक्रियेतून कळलं, आणि टिअरड्रॉपमध्ये दोघंच झोपतात, तेव्हा सासूबाईंना रात्री उठायला आणि कपडे बदलायला आडोसा म्हणून साइड टेंट तुम्हाला खरंच उपयोगी पडेल. फक्त ट्रेलर आणि टेंट यांच्या मधल्या फटीतून पाणी गळतं का ते घरी अंगणात पाइप मारून बघून घ्या. शेल्टर विकू नका. पॅनल घ्या, खिळे घ्या, आणि बुकिंग करताना पॅडची लांबी-रुंदी बघा, बारा फुटी शेल्टर आणि ट्रेलर दोन्ही प्रत्येक साइटवर मावत नाहीत. घडी सहाएक फूट लांब होते, गाडीत जात नसेल तर प्रवासात ट्रेलरमधल्या गादीवर तिरकी टाका, आम्ही तेच करतो. दोऱ्या हबला कशा बांधायच्या त्याचे फोटो शनिवारी काढून इथेच टाकते.