उरलेल्याची बिअर

घरातले काही टाकून द्यायचे म्हटले की माझ्या पोटात खड्डा पडतो. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि उरलेल्या भाताला फोडणी हे सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे 2022च्या एप्रिलमध्ये स्वयंपाकघरातली कपाटे आवरताना तीन बेवारस वस्तू समोर आल्या, तेव्हा त्यांची काही तरी सोय लावणे मला भागच होते. पहिली वस्तू म्हणजे माझ्या मुतखड्यासाठी आणलेली आणि खडा पडताच विस्मरणात गेलेली किलोभर बार्ली. दुसरी, पाडव्याचे गुलाबजाम पाहुण्यांनी संपवल्यावर मागे राहिलेला लिटरभर पाक. आणि तिसरी, टाळेबंदीत आमच्या सौभाग्यवतींना घरी पाव भाजण्याचा जो झटका आला होता, त्यातून उरलेले, फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेमागे दडलेले कोरडे यीस्ट.

बार्ली, साखर आणि यीस्ट. मुतखड्याच्या दिवसांत डॉक्टर सोडून बाकी सर्वांनी मला जे औषध सुचवले होते, ते घरच्या घरी आणि फुकटात होण्यासारखे होते.

बव्हेरियात 1516 साली एक कायदा झाला होता आणि त्यानुसार बिअरमध्ये पाणी, बार्ली आणि हॉप्स नावाची कडवट फुले यांखेरीज काहीही घालण्यास मनाई होती. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही, कारण द्रव आंबवतो तो एक सूक्ष्म जीव असतो, हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हते. या हिशेबाने माझा वेलची-केशराचा पाक बेकायदेशीर ठरत होता. पण बव्हेरियाचा कायदा पुण्यात लागू नाही, या विचाराने मी निश्चिंत होतो. पुण्यात लागू असलेल्या कायद्याचा विचार मात्र मी केला नव्हता.

बार्लीतला पिष्टमय भाग यीस्टला थेट खाता येत नाही. धान्याला मोड आले की त्यातली विकरे जागी होतात आणि नंतर गरम पाण्यात ती पिठाची साखर करतात. म्हणून बार्लीला आधी मोड आणून ती वाळवायची असते. याला माल्ट म्हणतात. आपण नाचणीचे सत्त्व करतो त्यातला पहिला अर्धा भाग हाच. ज्या घरात दर आठवड्याला मटकीला मोड येतात, त्या घराला बार्ली कितीशी जड जाणार, असे म्हणून मी ती रात्रभर भिजवली, फडक्यात बांधली आणि पुरचुंडी खुंटीला टांगली. तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ गाठ सोडून पाहत होतो. मोड काही आले नाहीत, वास मात्र आला, आणि तो बैठकीच्या खोलीपर्यंत आला. चौथ्या दिवशी सौभाग्यवतींनी दोन दाणे चिमटीत धरून उजेडात पाहिले.

‘‘अहो, हिची सालं काढून पॉलिश केलंय. मुगाच्या डाळीला कधी मोड आलेले पाहिलेत का तुम्ही?’’

एवढे बोलून त्यांनी पुरचुंडी कचऱ्यात टाकली, म्हणजे जे होऊ नये म्हणून हा खटाटोप चालला होता, तेच झाले.

त्याच संध्याकाळी माझे मेहुणे आले. ते वकील आहेत आणि नातेवाइकांना सल्ला देताना फी घेत नसल्यामुळे भीती जरा जास्तच घालतात. ‘‘भावोजी, महाराष्ट्रात 1949चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा. प्यायलासुद्धा परवाना लागतो, आणि तुम्ही चक्क कारखाना काढताय?’’ मी खुंटीकडे पाहिले. ती रिकामी असल्याबद्दल प्रथमच बरे वाटले.

पण पाक आणि यीस्ट शिल्लकच होते, आणि टोपलीत सुकायला लागलेले पाव किलो आलेही होते. तेव्हा मी जिंजर बिअरकडे वळलो. नावात बिअर असली तरी दोन-तीन दिवसांत फ्रीजमध्ये ठेवल्यास तिच्यात मद्यार्क नावालाच राहतो. शिवाय तिला परंपरा आहे. इंग्लंडात ती घरोघरी होत असे, आणि हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1892 साली तिच्या विरजणावर मोठा प्रबंध प्रसिद्ध करून त्यात यीस्ट आणि जिवाणू गुण्यागोविंदाने एकत्र नांदतात, हे दाखवून दिले. आमच्या घरात सध्या तसे वातावरण नव्हते.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून मी नरसाळे, गाळणीचे कापड, थर्मामीटर आणि बुचे आणली. फुकटच्या पेयावर 640 रुपये खर्च झाले. आले किसून चार लिटर पाण्यात उकळले, गाळले, त्यात पाक आणि चार लिंबे पिळली आणि मिश्रण कोमट झाल्यावर यीस्टचे पाकीट उघडले. एवढ्याला पाव चमचा यीस्ट पुरते. पाकिटात तीन चमचे होते. दोन वर्षांचे जुने आहे, निम्मे मेलेलेच असेल, आणि पावणेतीन चमचे पुन्हा उरवून करायचे काय, असा विचार करून मी ते सगळे ओतले.

मग सरबताच्या पाच काचेच्या बाटल्या भरल्या, बुचे ठोकून सुतळीने आवळली आणि सगळ्या ओट्याखाली ठेवल्या. एक ग्रॅम साखर आंबली की साधारण पाव लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. बाटली प्लॅस्टिकची असली तर अंगठ्याने दाबून आतला दाब कळतो, काचेची असली तर कळत नाही. हे सारे मी नंतर वाचले. पुण्यात त्या आठवड्यात पारा चाळिशीला टेकला होता आणि आमचे यीस्ट अजिबात मेलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वादोन वाजता, म्हणजे आमच्या सोसायटीत कुरिअरवालाही घंटी वाजवायला धजत नाही अशा वेळी, पहिली बाटली फुटली. सिलिंडर गेला असे समजून वरच्या मजल्यावरच्या काकू आपला गॅस बंद करून खाली धावल्या, आणि त्या दारात पोहोचतात तोच दुसरी फुटली. ज्याने हेल्मेटसक्तीला वर्षानुवर्षे तात्त्विक विरोध केला, त्या मी हेल्मेट चढवले, अंगाभोवती गोधडी गुंडाळली आणि उरलेल्या तीन बाटल्या एकेक करून न्हाणीघरात नेल्या. पुणेकराने हेल्मेट घातलेले पाहून काकूंना प्रसंगाचे गांभीर्य पटले असावे, कारण त्या काही न बोलता घरी गेल्या.

बाटल्या थंड पाण्यात तासभर ठेवून, वर टॉवेल धरून, मी सुतळ्या कापल्या. बुचे गेली, फेस छताला लागला आणि तीन बाटल्यांतून मिळून दोन वाट्या पेय हाती आले. मेहुण्यांनी घोटभर घेतले, जिभेवर घोळवले आणि म्हणाले, ‘‘कायद्याच्या दृष्टीने हरकत नाही. हे खोकल्याचं औषध आहे.’’

ओट्याखालच्या मुंग्या आठ दिवसांनी हटल्या. छतावरचे पिवळे डाग मात्र पुसल्याने अधिकच पसरले, म्हणून शेवटी रंगाऱ्याला बोलावले. त्याने मान वर करून पाहिले आणि एक डबा रंग आणावा लागेल, असे सांगितले.

‘‘आणायचा कशाला?’’ मी म्हणालो. ‘‘माळ्यावर मागच्या वेळचा अर्धा डबा उरलेला आहे.’’

सौभाग्यवतींनी माळ्याची शिडी उचलली आणि वरच्या काकूंकडे ठेवायला नेली.